घाटाबद्दल थोडं

चि. ताईस,
अनेक आशीर्वाद.

रविवारी तू फोन ठेवलास ते बरोबरच केलंस. "बायकांनी हायवेवर सायकली काढायची गरज काय" असं मी बोलायला नको होतं. आई तेव्हापासून माझ्याशी कामापुरतं बोलते. माझ्या मनात होतं एक आणि तोंडातून आलं भलतंच. फोनवर मला जमत नाही, म्हणून कागद घेतला.

तुम्ही ४२ जणी पुण्याहून वाईला येणार, किलोमीटरमागे ओळखीच्यांकडून पैसे जमवणार आणि त्यातून जोर-जांभळीकडच्या पोरींना सायकली देणार. हे ऐकल्यावर किती सायकली होतील, असं विचारायला हवं होतं. मी विचारलं, घाट कसा चढणार.

त्या खोऱ्यातली एसटीची मुक्कामाची गाडी मी किती वर्षं नेली ते तुला माहीत आहे. एकदा मे महिन्यात तूही आली होतीस. गाडीतच झोपलीस, सकाळी कुणीतरी दिलेली भाकरी-चटणी खाल्लीस. शाळा सुरू झाल्या की पहिल्या फेरीला वाडीवाडीच्या उतारावरून पोरी पळत यायच्या. एक तर रोज वेणी हातात धरूनच यायची, बांधायला वेळ नसायचा. तिच्यासाठी मी गाडी जरा रेंगाळत ठेवायचो. अहिल्याबाईंच्या नावाचा मोफत पास सगळ्यांच्या दप्तरात असायचा, पण गाडी चुकली तर पासाचं काय करायचं? पायी निघायच्या.

२०२१ च्या जुलैत त्या भागात दरडी कोसळल्या आणि दिवाळीच्या तोंडावर आमचा संप सुरू झाला. तो थेट एप्रिलपर्यंत चालला. एसटीच्या सरकारात विलीनीकरणाची मागणी मला आजही पटते, मी मांडवात बसलो याचा पश्चात्ताप नाही. पण एकदा कामासाठी धोमकडे गेलो तेव्हा रस्त्याच्या कडेने चालणाऱ्या पोरी दिसल्या. त्यातल्या एकीने ओळखून हात केला. मी मोटरसायकल थांबवली नाही, कारण थांबून सांगणार काय होतो? हे मी आईलाही सांगितलेलं नाही. तेव्हा तुमच्या सायकलींचं मोल मला कळत नाही असं समजू नकोस.

पण ताई, खंबाटकीचा घाट.

पत्रात हे नाव काढायचं नाही असं ठरवलं होतं. कात्रजची काळजी नाही, शिरवळपर्यंतचीही नाही. खंडाळा सोडलं की मात्र नीट ऐक. साताऱ्याकडून येणारी वाहतूक बोगद्यातून जाते आणि पुण्याकडून येणारी घाट चढते, म्हणजे तुम्ही आणि ट्रक एकाच रस्त्यावर. ड्रायव्हर बसतो उजव्या बाजूला. डाव्या हाताला, पुढच्या दाराच्या खाली लागून कुणी सायकलवर असेल तर ते त्याला दिसतच नाही. आरशातही नाही. आणि वळणावर लांब गाडीचं मागचं चाक पुढच्या चाकाच्या वाटेने जात नाही, आत येतं. मी स्वतः चालवलंय म्हणून सांगतो. ट्रक बाजूला आला तर त्याच्याशी बरोबरी करू नकोस, त्याला पुढे जाऊ दे. दम लागला तर डाव्या वळणाच्या पोटात उभी राहू नकोस, पुढे सरळ रस्ता लागल्यावर थांब. एकमेकींशी गप्पा मारत दोघी-दोघी चालवायचं नाही. उतरताना ब्रेक सलग दाबून धरायचा नाही, दाबायचा, सोडायचा, दाबायचा. सुरूर फाट्याला वळलात म्हणजे संपलं असंही नाही. जानेवारीत उसाच्या ट्रॉल्या असतात, दोन-दोन जोडलेल्या, मागे दिवा नसतो...

बघ, पुन्हा शिकवायला लागलो. तू गेलं वर्षभर दर रविवारी सिंहगडच्या पायथ्यापर्यंत जाऊन येतेस आणि मी तुला ब्रेक दाबायला शिकवतोय. माफ कर.

तुला सायकल शिकवली ती वाईत, नदीकाठच्या गणपती घाटाजवळच्या मोकळ्या जागेत. मोठी सायकल, दांड्यातून पाय घालून तू अर्धं पेडल मारायचीस. मागे कॅरिअर धरून मी पळत होतो. तू "बाबा सोडू नका" म्हणत होतीस आणि मी केव्हाच सोडलं होतं. नंतर पडलीस, हनुवटीला टाके पडले, तुझ्या आजीने मला आठवडाभर धारेवर धरलं. तुझ्या हनुवटीवरची ती खूण दिसली की मला अजूनही चोरट्यासारखं होतं. घाटाचा विषय निघाला की ती खूणच आधी डोळ्यांपुढे येते. दादूने कारने पुणे-बंगळूर केलं तेव्हा मी एक शब्द बोललो नव्हतो, हे आईने परवा ऐकवलं. खरं आहे. २०२३ मध्ये सासवड-नीरा गाडीवर बाई ड्रायव्हर बसली तेव्हा डेपोत पेढे मीच वाटले होते. आणि घरच्या मुलीला मी अडवायला निघालो.

सायकलींबद्दल मात्र मला बोलू दे. गिअरवाल्या घेऊ नका, बिघडल्या तर तिकडे दुरुस्त करणार कोण? साधी, दणकट, मागे दप्तर राहील असं कॅरिअर असलेली घ्या. प्रत्येक वाडीत निदान एक पंप आणि पंक्चरचं सामान द्या. सोल्यूशनची ट्यूब, घासायला कानस, रबराचे तुकडे, टायर काढायच्या पट्ट्या. पंक्चर कसं काढायचं ते पोरींनाच शिकवा. पंक्चरवाला वाईत, म्हणजे एका काट्याने सायकल महिनाभर भिंतीला. शिकवायला मी येईन. घमेलं आणि पाणी तिथे मिळेलच. आता वेळच वेळ आहे मला.

सोबत ८५० रुपये ठेवलेत. किलोमीटरला दहा, ८५ किलोमीटर धरून. आत्ताच देतोय, तू पोचलीस तरच देईन असं नाही. मध्येच टेम्पोत बसावंसं वाटलं तर बस, कुणी हिशेब विचारणार नाही. चिमीला त्या दिवशी आमच्याकडे आणून ठेवा असं जावईबापूंना मी सांगितलंय. आई मोदक करणार आहे, तसं बोलली नाही, पण नारळ आणून ठेवलेत.

आता खरं विचारायचंय ते. खंडाळ्यापासून घाट संपेपर्यंत मी मोटरसायकल घेऊन तुमच्या सगळ्यांच्या मागे राहिलो तर चालेल का? मागचे दिवे चालू ठेवीन, पाठीवर लाल कापड लावीन. मागचा ड्रायव्हर दिवा बघतो, सायकल बघत नाही. तुझ्याजवळ येणार नाही, बोलणार नाही, तुझ्या मैत्रिणींना सांगू नकोस वाटल्यास. घाटाखालचं वेळे गाव आलं की मी वाईला निघून जाईन. नको म्हणालीस तर येणार नाही. दोन दिवसांत कळव.

तुझे,
बाबा

ता. क. ब्रेकची रबरं बदलून घे. मागच्या वेळी तू आलीस तेव्हा मी बघितली होती, डावं जवळजवळ संपलंय.