पाहण्याचा हक्क वेगळा केल्याबद्दल आभार

अलेक्सी बुदानकोव यांस,
सप्रेम नमस्कार.

आपली ओळख नाही, तरी हे जाहीर पत्र लिहितो आहे. लिनक्स कर्नलमध्ये, म्हणजे त्या प्रणालीच्या गाभ्यात, ‘कॅप_पर्फमॉन’ ही फक्त निरीक्षणापुरती परवानगी आणणारे पॅचेस (कोडमधले बदल) तुम्ही लिहिलेत, आणि माझ्यासारख्या सर्व्हर सांभाळणाऱ्यांच्या डोक्यावरचा मोठा भार उतरला.

कुठली प्रोसेस सीपीयू खाते आहे, वेळ नेमका कुठल्या फंक्शनमध्ये जातो आहे, हे ‘पर्फ’ या मोजमापाच्या साधनाने पाहायचं असतं. पण पूर्वी पूर्ण यंत्रणेवर नजर टाकायची तर रूट, म्हणजे सर्वाधिकारी वापरकर्ता, तरी व्हा, नाहीतर ‘कॅप_सिस_अ‍ॅडमिन’ ही परवानगी घ्या, असं होतं. या दुसऱ्या परवानगीत फाइलसिस्टिम माउंट करणं, स्वॅप चालू-बंद करणं, होस्टनेम बदलणं, काय वाटेल ते येतं. मीटरचं रीडिंग घ्यायला आलेल्या माणसाच्या हाती सगळ्या घराच्या किल्ल्या द्याव्यात, तसाच हा प्रकार. उरलेला मार्ग म्हणजे ‘पर्फ’वर किती बंधन हे ठरवणाऱ्या ‘पर्फ_इव्हेंट_पॅरॅनॉइड’ या सेटिंगचा आकडा -1 करून मशिनवरच्या झाडून सगळ्यांना मोकळीक देणं. तो तर मला कधीच पटला नाही.

हे दुखणं जुनंच. बीएसडी या युनिक्स घराण्यातल्या प्रणालीवर, चालू प्रोसेसची यादी दाखवणारी ‘पीएस’सारखी साधी आज्ञासुद्धा एके काळी ‘केमेम’ गटाच्या हक्कानं चालायची आणि कर्नलची मेमरी थेट वाचायची. तिच्यात एखादी चूक निघाली, की तिचा गैरफायदा घेणाऱ्यालाही ती मेमरी वाचायला मिळायची. पुढे ‘सिसकंट्रोल’ या कर्नलकडे माहिती मागण्याच्या सोयीतून तीच माहिती मिळू लागली आणि त्या हक्काची गरज संपली.

लिनक्समध्ये निरीक्षणाचा हक्क असा सुटा करण्याचं काम तुम्ही केलंत. पॅचेस पुन्हा पुन्हा सुधारून पाठवलेत आणि 2020 च्या ऑगस्टमध्ये, 5.8 आवृत्तीत, ते सर्वांच्या हाती आले. सुरक्षेविषयीच्या दस्तऐवजाबद्दल तर विशेष आभार. ‘पर्फ’साठी वेगळा गट करा, इतरांचे हक्क काढा, मग ‘सेटकॅप’ या आज्ञेने मोजकीच परवानगी द्या, हे सगळं त्यात सांगितलंय. निरीक्षणातूनही गुपितं फुटू शकतात, हेही त्यात लपवलेलं नाही. म्हणून आमच्याकडे त्या गटात मोजकीच माणसं आहेत. आता मध्यरात्री सर्व्हर अडखळला, तर डेव्हलपर स्वतः ‘पर्फ’ लावून पाहतो, आणि त्यासाठी मला कुणाला रूट द्यावं लागत नाही.

जुनी साधनं बंद पडू नयेत म्हणून तुम्ही ‘कॅप_सिस_अ‍ॅडमिन’ची वाट खुली ठेवलीत, तेही योग्यच. अजून तिच्यावरच चालणारे आमचे काही मॉनिटरिंग एजंट आहेत. त्यांची ती परवानगी मी एकेक करून काढतो आहे.

मनापासून धन्यवाद.

आपला,
एक सिस्टिम अ‍ॅडमिन