फार्महाऊसचा शोषखड्डा आणि शेजारची बोअर

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मुळशी, पानशेत, भोर या भागांत दहा-दहा गुंठ्यांचे प्लॉट पाडून फार्महाऊस उभी राहत आहेत. जाहिरातीत रस्ता, वीज, कुंपण, पोहण्याचा तलाव सगळं असतं. संडासाचं पाणी कुठे जाणार, याचा नकाशावर पत्ता नसतो. पाणाड्या दाखवेल तिथे बोअर पडते आणि उरलेल्या कोपऱ्यात सेप्टिक टाकी आणि तिचं पाणी जमिनीत जिरवणारा शोषखड्डा जातो.

सेप्टिक टाक्यांसाठीच्या आयएस 2470 या भारतीय मानकानुसार शोषखड्डा पिण्याच्या पाण्यापासून किमान 18 मीटर, म्हणजे साधारण 60 फूट लांब हवा. दहा गुंठ्यांचा चौरस प्लॉट जेमतेम 104 बाय 104 फूट. स्वतःच्या बोअरपासून 60 फूट सांभाळताना खड्डा कुंपणाला चिकटतो, आणि पलीकडे दहा फुटांवर शेजाऱ्याची बोअर निघते. हा प्रश्न एकेकट्या मालकाला सुटणारा नाही. लेआउटच्या चढाकडच्या टोकाला सामाईक बोअर किंवा विहीर घेऊन नळाने पाणी दिलं, तरच सुटेल. उताराखाली गावाची विहीर असेल, तर तीही नकाशावर दाखवलीच पाहिजे.

आपल्या खडकात 60 फूटही पुरतील याचा भरवसा नाही. वर थोडी माती, मग मुरूम, खाली काळा पाषाण. पाषाण अखंड असेल तर पाणी जिरत नाही आणि पहिल्या मोठ्या पावसात खड्डा तुंबतो. भेगाळ असेल तर पाणी झपाट्याने जिरतं, मालक खूश होतो. पण ते न गाळताच भेगांतून झऱ्याला लागतं. बांधकामाआधी चाचणीखड्डा खणून, पाणी भरून ते किती वेळात उतरतं हे पाहावं, आणि भर पावसाळ्यात तळाला पाणी लागतं का तेही. लागत असेल तर खोल खड्ड्याचा नाद सोडून उथळ चर घ्यावेत.

बोअरमध्ये काटकसर होते ती केसिंगवर, म्हणजे भोकाच्या वरच्या भागात बसवायच्या पाइपावर. पाइप मुरूम ओलांडून पक्क्या खडकात बसला पाहिजे आणि त्याच्या बाहेरची पोकळी सिमेंटने भरली पाहिजे. ती मोकळी राहिली की वरचं घाण पाणी पाइपाच्या कडेने सरळ खाली जातं.

टाकीचं माप चौघांच्या कुटुंबावर काढतात, आणि शनिवारी येतात वीस जण! एकदम आलेल्या लोंढ्याने गाळ ढवळून शोषखड्ड्यात जातो आणि त्याची छिद्रं कायमची बुजतात. वीस माणसांसाठी, दोन वर्षांनी गाळाचा उपसा धरून, आत 2.3 मीटर लांब, 1.1 मीटर रुंद आणि 1.8 मीटर पाण्याची खोली हवी. वर 30 सेंटीमीटर मोकळी जागा वेगळी. न्हाणीचं पाणी केळी-कर्दळीच्या वाफ्याकडे वळवावं. तलावाचं क्लोरिनयुक्त पाणी टाकीत सोडू नये. मैला कुजवणारे जिवाणू त्याने मरतात.

टाकी घरामागे आणि फाटक अरुंद, मग उपसायला गाडी पोहोचत नाही आणि कोणीतरी माणूस आत उतरवतो. टाकीतला वायू जीव घेतो, आणि हाताने मैला उपसण्यावर बंदी घालणाऱ्या 2013 च्या कायद्याने संरक्षक साधनांशिवाय असं उतरवणं गुन्हा आहे. टाकी रस्त्याच्या बाजूलाच बांधावी.

घरपट्टी लावण्यापूर्वी ग्रामपंचायतीने बोअर आणि शोषखड्डा दाखवणारा नकाशा मागून जागेवर टेप लावावी. राहायला गेलेल्यांनी बोअरचं पाणी जिवाणूंसाठी तपासून घ्यावं. भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या प्रयोगशाळांत ही सोय आहे. नमुना मात्र मे महिन्यात नव्हे, पावसाबरोबर घाण खाली झिरपते तेव्हा, जुलै-ऑगस्टमध्ये द्यावा.

– एक स्थापत्य अभियंता, पुणे