कोरं कार्ड: गृहमंत्र्यांना खुले पत्र

मा. गृहमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

सादर नमस्कार.

मी गेली सव्वीस वर्षं या शहरातल्या मोर्चांचे, धरण्यांचे, उपोषणांचे फोटो काढतो आहे. कुठल्या पेपरात नोकरीला नाही. पोट लग्नांच्या आणि बारशांच्या ऑर्डरींवर चालतं आणि उरलेला वेळ आझाद मैदानात जातो. आपल्यासारख्यांचा वेळ घेण्याची सवय मला नाही. गेल्या महिन्यात जे झालं त्याबद्दल संबंधित पोलीस ठाण्यात दोन अर्ज दिले. दोन्हींवर शिक्का मिळाला, उत्तर एकाचंही नाही. म्हणून हे पत्र असं चव्हाट्यावर लिहावं लागतं आहे.

त्या दिवशी गिरणी कामगारांच्या वारसांचं घरांसाठी धरणं होतं. पाऊस नुकताच थांबला होता आणि मैदानात चिखल होता. एक आजी सकाळपासून पुढच्या रांगेत बसल्या होत्या. ऐंशीच्या आसपास वय. मांडीवर दुधाची धुऊन वाळवलेली पिशवी, तिला दोन रबरबँड, आणि आत त्यांचा सगळा संसार. नवऱ्याचं गिरणीतलं हजेरी कार्ड, त्याच्या मृत्यूचा दाखला, घराच्या अर्जाची पावती आणि चट्टे पडलेला एक पासपोर्ट साइझ फोटो. मी कॅमेरा वर केला तेव्हा त्यांनी ते हजेरी कार्ड छातीशी धरलं आणि म्हणाल्या, "नंबर नीट येऊ दे हां, पोरा. नंबर महत्त्वाचा."

सहाला पाच मिनिटं कमी असताना "चला, चला, टायम संपला" सुरू झालं. आजींना गुडघ्यांमुळे पटकन उठता येईना. एका महिला शिपायाने त्यांना दंडाला धरून ओढलं. आजी हातावर पडल्या, पिशवी सुटली आणि कागद चिखलात गेले. त्या फोटोवर कुणाचा तरी बूट पडला. मी सलग नऊ फ्रेम घेतल्या. शेवटच्या दोन फ्रेममध्ये तीच शिपाईबाई खाली वाकून कागद गोळा करत होती, पावतीचा चिखल स्वतःच्या रुमालाने पुसत होती, कारण तीही कुणाची तरी लेक आहे आणि बारा तास उभी होती. मी तेही टिपलं होतं. हे मुद्दाम सांगतो, कारण माझ्या कॅमेऱ्यात फक्त पोलिसांचं वाईट दिसतं असा समज आहे.

तेवढ्यात साध्या वेशातल्या एका माणसाने मागून कॅमेऱ्याचा पट्टा धरला. "कुठल्या पेपरचा?" मी म्हटलं, फ्रीलान्स. "म्हणजे कुणाचाच नाही," असं म्हणून त्याने मला गाडीत घातलं. पोलीस ठाण्यात चार तास बाकावर बसवलं. गुन्हा काय, ते सांगितलं नाही. पंचनामा नाही, पावती नाही. टेबलामागच्या साहेबांनी कॅमेऱ्यातलं मेमरी कार्ड काढून घेतलं आणि म्हणाले, "उद्या संध्याकाळी येऊन घेऊन जा. बघून देतो, तुझं काही जात नाही." मी त्या शब्दावर विश्वास ठेवला. कार्ड मिळालं सातव्या दिवशी, चौथ्या फेरीला. घरी येऊन रीडरला लावलं तर कोरं. अकराशे चाळीस फ्रेम गेल्या होत्या.

फॉरमॅट केलेलं कार्ड पूर्ण मेलेलं नसतं, एवढं मला या धंद्याने शिकवलंय. दोन रात्री सॉफ्टवेअर लावून बसलो. अकराशे चाळीसपैकी एकसष्ट फोटो परत आले, तेही अर्धेमुर्धे. वरची पट्टी शाबूत, खाली सपाट राखाडी. आजींचा एकच आला. आभाळ आहे, मागचा बॅनर आहे, कपाळ आहे, डोळे आहेत. नाकाच्या खाली काही नाही. छातीशी धरलेलं ते कार्ड, ज्याचा नंबर नीट यायला हवा होता, ते त्या राखाडीत गेलं.

साहेब, माझं काय गेलं तेही ऐकून घ्या. चार तासांत कॅमेऱ्याची लेन्स कुठे आपटली माहीत नाही. ऑटोफोकस गेला आहे आणि हप्ते अजून चौदा बाकी आहेत. दुसऱ्या दिवशी सकाळी विरारला साखरपुड्याची ऑर्डर होती. रात्री अकराला सुटलो, चालू कॅमेरा हाताशी नव्हता, ऑर्डर गेली आणि घेतलेला आगाऊ पैसाही परत द्यावा लागला. उजवा खांदा अजून वर जात नाही. बायको विचारते, "आता पुरे नाही का?" मुलगी बारावीला आहे, ती काही विचारत नाही, फक्त मी मैदानात निघालो की फोन चार्ज आहे का ते बघते. सव्वीस वर्षांत लाठी खाल्ली, अश्रुधुराने डोळे सुजले, मोर्चेकऱ्यांनीही एकदा "पोलिसांचा खबऱ्या" म्हणून धरलं. कधी तक्रार केली नाही. मैदानात उतरायचं तर धक्का लागणारच. पण माझ्या डोळ्यांनी पाहिलेली गोष्ट कुणीतरी बंद खोलीत बसून पुसून टाकली, ते मला सहन होत नाही. रात्री झोपेतून उठून मी त्या नऊ फ्रेम मनात परत मोजतो.

आता कायद्याचं बोलू. १ जुलै २०२४ पासून देशात भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू आहे. तिचं कलम १०५ सांगतं की झडती आणि जप्तीचं ध्वनिचित्रमुद्रण झालंच पाहिजे. म्हणजे माझं कार्ड घेताना पोलिसांनीच शूटिंग करायला हवं होतं. कुठे आहे ते? सर्वोच्च न्यायालयाने २ डिसेंबर २०२० च्या निकालात प्रत्येक पोलीस ठाण्यात सीसीटीव्ही लावायला आणि रेकॉर्डिंग अठरा महिने जपायला सांगितलं. ते जमत नसेल तर निदान वर्षभर. मी माहितीच्या अधिकारात त्या संध्याकाळचं फुटेज मागितलं. उत्तर आलं, "सदर दिवशी यंत्रणा बंद होती." माझा कॅमेरा चालू होता तर तो पुसला, तुमचा चालू असायला हवा होता तर तो बंद. मग त्या संध्याकाळचा साक्षीदार कोण उरला?

पत्रकारांवरच्या हल्ल्यांविरुद्ध कायदा करणारं महाराष्ट्र हे देशातलं पहिलं राज्य, हे तुमच्या पक्षांतले सगळेच अभिमानाने सांगतात. २०१७ चा कायदा आहे. तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पन्नास हजारांपर्यंत दंड. मी तो कायदा वकील मित्राकडे बसून ओळ न् ओळ वाचला. त्यात माध्यमातली व्यक्ती म्हणजे संस्थेत नियमित किंवा कंत्राटावर कामाला असलेली व्यक्ती. माझ्यासारखा स्वतःच्या पैशाने कार्ड घेणारा माणूस त्यात कुठेच नाही. त्या साध्या वेशातल्या माणसाने मला पट्ट्याला धरून जे सांगितलं, तेच तुमच्या कायद्याने आधी लिहून ठेवलं होतं.

फोटो तुम्हाला हवे असतात तेव्हा मात्र कुणी विचारत नाही की कुठल्या पेपरचा. ११ ऑगस्ट २०१२ ला याच आझाद मैदानात हिंसाचार झाला, दोन जीव गेले, छायाचित्रकारांना मार बसला, वाहिन्यांच्या गाड्या जळाल्या. अमर जवान स्मारकाची मोडतोड करणारे कोण, ते छायाचित्रांनीच दाखवलं आणि पोलीस त्या चेहऱ्यांमागे पार बिहारपर्यंत गेले. कामगारांच्या पायाखालचं शहर दाखवणाऱ्या, महापालिकेच्या सफाई कामगारांबरोबर वर्षानुवर्षं कॅमेरा घेऊन फिरलेल्या सुधारक ओलवे यांना २०१६ मध्ये पद्मश्री मिळाली, तेव्हा आम्हा सगळ्यांची छाती भरून आली होती. आणि १२ मार्च २०१८? नाशिकहून एकशे ऐंशी किलोमीटर चालत शेतकरी आले. पस्तीस हजार म्हणा, पन्नास म्हणा, प्रत्येकाचा आकडा वेगळा. दहावीच्या पोरांना परीक्षेला जाताना त्रास नको म्हणून ते सोमय्या मैदानातून रात्रीच उठून चालत आले. पहाटे मी त्यांच्याबरोबर होतो. डांबराने सोललेले तळवे, एका मावशीच्या टाचेला गुंडाळलेला प्लास्टिकचा तुकडा. त्या तळव्यांचे फोटो सकाळी घराघरांत पोचले आणि हे शहर पाणी, बिस्किटं, चपला घेऊन रस्त्यावर आलं. त्याच दिवशी सरकारने लेखी आश्वासन दिलं. मागण्या जुन्याच होत्या, निवेदनंही जुनी होती. नवीन काय होतं, तर ते पाय सगळ्यांना दिसले.

म्हणूनच तर भीती वाटते ना?

१९९७ पासून दक्षिण मुंबईतलं आंदोलन आझाद मैदानाच्या एका कोपऱ्यात कोंडलेलं आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये मराठा आंदोलनाला परवानगी दिली ती पाच हजार माणसांना, एका दिवसासाठी, सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा. त्याच्या आदल्याच महिन्यात विधिमंडळाने कडव्या डाव्या म्हणवल्या जाणाऱ्या संघटनांवर बंदी आणू देणारं जनसुरक्षा विधेयक मंजूर केलं. ऑक्टोबर २०१९ मध्ये मेट्रो कारशेडसाठी आरेतली झाडं तोडली ती रात्रीच्या अंधारात. विरोध करायला आलेल्या एकोणतीस जणांना अटक झाली, आणि सर्वोच्च न्यायालयाने थांबवेपर्यंत दोन हजार एकशे एक्केचाळीस झाडं आडवी झाली होती. सरकार कुणाचंही असो, अंधार, कुंपण आणि घड्याळ हीच हत्यारं मी पाहत आलोय. माणसं बोलली तर जागा ठरवून द्या, बसली तर वेळ ठरवून द्या, आणि कुणी ते टिपून ठेवलं तर त्याचं कार्ड पुसा. आणि दर १ मे ला तुम्ही सगळे हुतात्मा चौकात जाऊन १०६ जणांना हार घालता. ती माणसं कुठे मेली? मोर्चातच ना? त्यांना जमावबंदीचा आदेश कुणी वाचून दाखवला होता? आज ते फ्लोरा फाउंटनला जमले असते तर तुम्ही त्यांना व्हॅनमध्ये घालून आझाद मैदानात सोडलं असतं.

माझे वडील गिरणी कामगार. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला तेव्हा मी आठ वर्षांचा होतो. अडीच लाख कामगारांतले एक. आई खानावळीसाठी पोळ्या लाटायची. एका संध्याकाळी वडील मोर्चातून आले ते पाठीवर वळ घेऊन. आईने हळद लावली. दुसऱ्या दिवशी चाळीत बातमी आली की लाठीमार झालाच नाही, पळापळीत माणसं पडली. वडील शर्ट वर करून प्रत्येकाला पाठ दाखवत होते. आठ दिवसांत वळ गेले आणि मग त्यांच्याकडे दाखवायला काही उरलं नाही. माझ्या वडिलांचा त्या अख्ख्या संपातला एकही फोटो आमच्या घरात नाही. मी कॅमेरा का धरला, याचं उत्तर एवढंच आहे.

आज त्याच संपवाल्यांची पोरं आणि म्हाताऱ्या बायका घरासाठी चिखलात बसतात. दीड लाखाच्या वर अर्ज आहेत, मिळालेली घरं त्याच्या पासंगालाही पुरत नाहीत. ज्यांच्या घामावर परळ-लालबाग उभं राहिलं त्यांना मुंबईपासून लांबची शेलू आणि वांगणी दाखवली जाते. जिथे गिरणी होती तिथे काचेचे टॉवर आहेत, आणि त्या टॉवरच्या लॉबीत गिरणीच्या भोंग्याचे, चिमणीचे जुने फोटो फ्रेम करून लावलेले मी स्वतः पाहिलेत. चिमणीचा फोटो चालतो. आजींचा चालत नाही.

मागणं फार नाही. कार्ड किंवा कॅमेरा घेतला तर जागेवर पंचनामा आणि पावती द्या. २०१७ च्या कायद्यात आमच्यासारख्या कुणाच्याच नसलेल्यांना घ्या. आणि त्या संध्याकाळी यंत्रणा कुणी बंद केली, ते शोधा.

आजी दर मंगळवारी फोन करतात, मुलीच्या मोबाइलवरून. पावती चिखलाने पुसट झाली आहे, हजेरी कार्ड मधोमध फाटलंय. "तू काढलेल्यात नंबर आलाय ना रे? त्याची झेरॉक्स लावली तर चालेल का?" असं विचारतात. दोनदा मी खोटं बोललो की प्रिंट लॅबला टाकली आहे. या मंगळवारी खरं सांगितलं. त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "मग आता परत येऊ का मी मैदानात? परत काढशील?"

ते कार्ड माझ्याकडे आहे. त्यावर त्यानंतर एकही फोटो काढलेला नाही, कारण एक जरी काढला तरी उरलेल्यातलं काही कायमचं जाऊ शकतं. कागदाच्या पाकिटात घालून, तारीख टाकून कपाटात ठेवलंय. कलिन्याला तुमची न्यायवैद्यक प्रयोगशाळा आहे, माझ्या घरच्या कॉम्प्युटरपेक्षा तिथली यंत्रं नक्कीच चांगली असतील. माणूस पाठवा, मी कार्ड देतो. मात्र या वेळी पंचनामा करून, दोन पंचांच्या सह्या घेऊन, पावती देऊन न्या. पावतीवर कार्डाचा नंबर नीट लिहायला सांगा.

आपला,
आझाद मैदानातला एक छायाचित्रकार