शरणपूरच्या सिस्टर, तुमचे आभार मानायचेत

सिस्टर, तोंडावर थँक्यू म्हटलं की तुम्ही लगेच विषय बदलता, म्हणून इथे लिहितेय.

आईच्या पायाची शुगरची जखम चिघळली तेव्हा आम्हाला माणसांची कमी नव्हती हो, नाशिकरोडपासून सातपूरपर्यंत नातेवाईकच नातेवाईक. सगळे आले, नाकाला रुमाल लावून दारातच उभे राहिले, "काही लागलं तर सांग गं" म्हणाले आणि नंतर फोन उचलले नाहीत. एका मोठ्या हॉस्पिटलात तर ड्रेसिंगवाला आईसमोरच म्हणाला, किती वास येतोय. तेव्हापासून आईने पाय चादरीत लपवला, बोलणंही सोडलं.

तुम्ही घरी येऊन ड्रेसिंग केलंत, जखम भरली, ते सगळ्यांना माहितीये. मला ती एक दुपार सांगायचीय. काम झालं होतं, तुम्ही निघाला होतात, तेवढ्यात आईचा दुसरा पाय दिसला, टाचेला भेगा, नखं वाढलेली. तुम्ही फरशीवर बसलात, कोमट पाणी कोपराने तपासलंत कारण तिच्या पायाला चटका कळत नाही, आणि पाय सरळ मांडीवर घेतलात. आई कळवळली, "अहो नको, पायाला हात नका लावू, मोठ्या आहात तुम्ही." तुम्ही थांबला नाहीत, बोटांच्या बेचक्या टिपत फक्त विचारलंत, "माहेर कुठलं तुमचं?" आणि आई बोलायला लागली! निफाड, विहीर, द्राक्षाचा मळा, तिचे अण्णा, सगळं. मी आत जाऊन रडले.

धर्माचं अक्षरही तुम्ही कधी काढलं नाहीत. मीच खोदून विचारलं तेव्हा म्हणालात, बायबलमधला योहानाचा १३वा अध्याय वाच. वाचला. येशू आपल्या बारा शिष्यांचे पाय धुतो, तेव्हा त्यांच्यातला पेत्रही त्याला आईसारखंच म्हणतो, माझे पाय धुवू नका. पण त्या बारा जणांत यहूदाही होता, त्याच रात्री पकडून देणारा, आणि येशूला ते ठाऊक होतं तरी त्याचेही पाय धुतले. मी तिथेच अडकलेय सिस्टर, मला अजून रुमालवाल्यांना माफ करता येत नाहीये.

तुमच्या शरणपूरचंच बघा ना, १८५४ पासूनची मिशनची वसाहत, गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेल्या आफ्रिकन मुलांना तिथे आसरा मिळाला, शिक्षण मिळालं. परक्याला घरात घेणारी अशी माणसं आपल्या नाशिकात होती आणि आहेत.

आई आता काठी घेऊन गेटपर्यंत जाते. रविवारी चर्च सुटलं की इकडेच जेवायला या, मांडे ती स्वतः करणारे, मला हातसुद्धा लावू देत नाहीये.