चिंधी बांधलेल्या दोडक्याबद्दल आभार

आजी,

तुला वाचता येत नाही, म्हणून हे पत्र माझी धाकटी तुझ्या ओट्यावर बसून वाचणार आहे. चारचौघांनी ऐकावं म्हणूनच उघड लिहिलंय.

२०२० च्या मार्चअखेर भिवंडीतलं काम बंद पडलं आणि आम्ही चौघं अकोले तालुक्यातल्या आपल्या गावी परतलो. आठवडे बाजार बंद, हातात पैसा नाही. एप्रिलपासून रेशनवर माणशी ५ किलो धान्य फुकट मिळू लागलं, त्याचा मोठा आधार झाला. पण भाताशी खायला काय? पोरांच्या ताटात मीठ-मिरची किती दिवस वाढणार?

तेव्हा तू आलीस. पदराच्या गाठीत माठ, गवार, दोडका आणि दुधीचं बी होतं, राखेत घोळवून मडक्यात जपलेलं. न्हाणीचं पाणी वाहून जातं तिथंच वाफे करायला लावलेस. भांडी राखेनंच घास म्हणालीस, म्हणजे तेही पाणी झाडांना चालेल. शेळ्यांसाठी बाभळीच्या काट्यांचं कुंपण घातलंस. महिन्याच्या आत माठाची पहिली भाजी झाली. माठ उपटायचा नाही, शेंडे खुडायचे, मग तो पुन्हा फुटतो, हे तूच दाखवलंस.

दोडक्याला मात्र मी तुझ्यावर चिडले होते. वेलावरचा सगळ्यात चांगला, लांब दोडका हेरून तू त्याला लुगड्याची चिंधी बांधलीस आणि सांगितलंस, याला हात लावायचा नाही, हा बियाला. घरात भाजीची मारामार असताना चांगलं फळ जून होऊ द्यायचं! दोनदा विळी घेऊन वेलापाशी गेले होते गं. आज कबूल करते.

ऐन पावसात तो चुलीवर धुराला टांगला. वाळल्यावर आत काळं कुळकुळीत बी खुळखुळलं. निम्मं आम्ही ठेवलं, निम्मं तुझ्या सांगण्यावरून शेजारच्या घरी गेलं. त्याच वर्षी आपल्याच तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरेंना गावठी बियाण्यांच्या कामासाठी पद्मश्री जाहीर झाली होती. तोवर मडक्यातलं बी ही म्हाताऱ्यांची सवय, एवढंच मी समजत होते. संकरित दोडक्याचं बी धरलं तर पुढच्या साली तसंच फळ येईल याचा भरवसा नसतो. तुझं बी आमच्या अंगणात अजून तसंच येतंय.

यंदाही एका दोडक्याला चिंधी बांधलीय, धाकटीनं. बी निघालं की मूठभर तुझ्या मडक्यात टाकायला येतो.

तुझीच,
खालच्या आळीची सून