चादरीखालचा हात

कोल्हापूर,
रविवार, रात्र

प्रिय सुमन,

दिवाळीपासून तुला पत्र नाही, याची लाज वाटते. आई बरी आहे, तिचा गुडघा तसाच आहे. आज लिहिते आहे ते एका रुग्णाच्या डाव्या हाताविषयी, कारण हे तुझ्याशिवाय कोणाला सांगवत नाही.

गेल्या सोमवारी रात्रपाळीला ऊस तोडणारे एक गृहस्थ आमच्या आयसीयूत आले. पायाच्या जखमेतून जंतुसंसर्ग अंगभर भिनून सेप्सिस झाला होता. भरपूर सलाईन देऊनही मीन प्रेशर, म्हणजे सरासरी रक्तदाब, 65 च्या वर येईना, म्हणून मानेतल्या मोठ्या शिरेत लाइन घालेपर्यंत डाव्या हाताच्या कॅन्युलातून, म्हणजे शिरेतल्या बारीक नळीतून, रक्तवाहिन्या आवळून प्रेशर वाढवणारे नॉरॲड्रिनॅलिन सुरू केले. पहाटे तीनच्या सुमारास प्रेशर पुन्हा घसरू लागले. वेग वाढवण्याची लेखी सूचना होती, म्हणून मी सिरिंज पंपाचा वेग वाढवला आणि अर्ध्या तासाने पुन्हा वाढवला. औषध शिरेत जातच नव्हते, ते कातडीखाली साठत होते, प्रेशर पडत होते ते त्यामुळेच. आणि मी मात्र मॉनिटरकडे पाहत त्याच हातात आणखी औषध सोडत होते.

प्रशिक्षणाच्या दुसऱ्या वर्षी तू दर तासाला प्रत्येकाची चादर वर करून कॅन्युलाची जागा पाहत बसायचीस आणि नोंदी माझ्यावर पडायच्या. त्यावरून आपण रंकाळ्यावर भांडलो होतो आणि रागाच्या भरात तुझी भेळही मीच संपवली होती. भेळेचे राहू दे, पण चादरीच्या बाबतीत तुझेच खरे होते.

शेवटी मी चादर उचलली तेव्हा हात गार पडला होता आणि शिरेच्या रेषेने कातडी पांढरीफटक झाली होती. प्रेशर कोसळू नये म्हणून आधी उजव्या कोपराजवळ नवी लाइन घेऊन औषध तिकडे वळवले. जुना कॅन्युला लगेच काढला नाही, त्यातून सिरिंजने जेवढे औषध मागे येईल तेवढे ओढले, आणि सलाईन ढकलून फ्लश अजिबात केला नाही. आवळलेल्या रक्तवाहिन्या सैल करणारे फेंटोलामिन आमच्याकडे नव्हते. नातेवाइकांनी ते बाहेरून आणेपर्यंत पाच वाजले. डॉक्टरांनी ते सलाईनमध्ये मिसळून बारीक सुईने पांढऱ्या भागाभोवती टोचले, तसा थोड्या वेळात रंग परतू लागला. तरीही मनगटाच्या वर रुपयाएवढी कातडी काळी पडली आहेच.

मी अहवालात वेग दोनदा वाढवल्याचे वेळेसह लिहिले. वरिष्ठांनी मात्र 'औषध बाहेर आले' एवढेच पुरे, असे सुचवले. मी ते ओळखीचे वाक्य लिहिले नाही, यावर अजून अबोला आहे.

तुझ्या लेकाची दहावी कशी चालली आहे? बदलीचे काय झाले तेही कळव.

काल ते गृहस्थ मला म्हणाले, "सिस्टर, तुमच्यामुळं वाचलो, पण कोयता मी डाव्याच हातात धरतोय." ते मनापासून आभार मानत होते आणि मला त्यांच्याकडे पाहवत नव्हते. त्यांना वाटते, हात आजारामुळेच असा झाला. गुरुवारी सर्जन तो व्रण पाहणार आहेत, त्याआधी मी त्या गृहस्थांना सगळे सांगणार आहे. कोणत्या शब्दांत सांगू, एवढे मात्र बुधवारपर्यंत फोन करून सांग.

तुझी,
शालू