विमच्या कमांड पाठ करून घेऊ नका, हाताला शिकवा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या सोलापुरात डिप्लोमा, बीसीए, इंजिनिअरिंगची पोरं लिनक्सच्या प्रॅक्टिकलला विम एडिटर, म्हणजे माऊसशिवाय नुसत्या कीबोर्डच्या कमांडने फाईल लिहायचा-दुरुस्त करायचा प्रोग्रॅम, शिकतात. शिकतात म्हणजे काय, तर जर्नलमध्ये कमांडची यादी उतरवून काढतात आणि ओरलला सांगतात. आमच्या भागातली काही पोरं माझ्याकडं शंका विचारायला येतात, यादी सगळ्यांना येते, पण फाईल उघडून दिली की हात थांबतो. पोरं हुशार आहेत, शिकवायची पद्धत चुकतीय, म्हणून हे पत्र.

विमच्या कमांड सुट्या पाठ करायच्या नसतातच, त्या जोडायच्या असतात. डी म्हणजे खोड, सी म्हणजे खोडून तिथंच नवीन लिही, वाय म्हणजे कॉपी, ही झाली क्रियापदं. मग कुठपर्यंत ते सांगायचं, डब्ल्यू दाबलं तर शब्द, डॉलर दाबलं तर ओळीच्या शेवटापर्यंत. डी डब्ल्यूने शब्द जातो, डी डॉलरने उरलेली ओळ जाते, आणि एवढं समजलेल्या पोराला वाय डॉलर काय करतं हे वेगळं सांगावं लागत नाही, तो स्वतःच करून बघतो. कॉन्फिग म्हणजे सेटिंगच्या फाईलमध्ये अवतरण चिन्हातला पाथ, म्हणजे फाईलचा पत्ता, बदलायचा असला तर कर्सर त्या पाथवर कुठंही असू दे, सी, आय आणि अवतरण चिन्ह दाबायचं, आतलं सगळं जातं, नवीन टाईप करायचं आणि एस्केप दाबून परत कमांडवर यायचं. तेच पुढच्या ओळीत हवं असलं तर तिथं जाऊन नुसतं टिंबाचं बटण. हे एकदा करून दाखवलं ना की पोरांचा चेहराच बदलतो.

बाणांची बटणं असताना कर्सर हलवायला एच जे के एल कशाला, असं पोरं हमखास विचारतात आणि त्याला उत्तर द्यायला पाहिजे. बिल जॉयने १९७६ च्या सुमाराला बर्कलेत विमचा पूर्वज असलेला व्हीआय एडिटर लिहिला तेव्हा त्याच्या एडीएम-३ए टर्मिनलवर बाण याच चार बटणांवर छापलेले होते, आणि एस्केप होतं आजच्या टॅबच्या जागी, म्हणून ते सारखं दाबायला सोपं जायचं. मोडेमसुद्धा इतका हळू की कमीत कमी बटणात काम होणं गरजेचंच होतं. आज मोबाईलच्या अडखळत्या नेटवर लांबच्या सर्व्हरला जोडलं की तीच काटकसर कामाला येते, आणि विम जुन्या सेकंडहँड कॉम्प्युटरवरही मस्त चालतो, फुकट आहे. १९९१ मध्ये तो पहिल्यांदा बाहेर आणणारे ब्राम मोलेनार २०२३ मध्ये गेले, पैसे द्यायचेच असतील तर युगांडातल्या मुलांना द्या असं ते सांगायचे, हेही पोरांना कळू दे.

आपल्याकडच्या अडचणी मात्र कुठल्या यादीत नसतात. कीबोर्ड मराठीवर राहिला की एस्केप दाबूनही डी, सी काहीच चालत नाही, आधी इंग्रजीवर यावं लागतं. कॅप्स लॉक चालू असला तर खाली जायच्या जे ने दोन ओळी एकमेकींना चिकटतात, अशा वेळी कॅप्स लॉक काढून यू दाबावं, म्हणजे झालेला बदल मागे जातो. सवयीने कंट्रोल एस दाबलं तर बऱ्याच टर्मिनलवर स्क्रीन गोठते आणि पोरं घाबरून खिडकीच बंद करतात, तिथं कंट्रोल क्यू दाबलं की झालं.

नॅनो हा दुसरा एडिटर सोपा आहे, पहिले काही दिवस तो वापरू द्या, माझी काही हरकत नाही. पण लॅबमध्ये पहिल्याच तासाला विमट्यूटर, म्हणजे विमचाच सरावाचा धडा, चालू करून द्या. अर्ध्या तासाचा धडा आहे, तो फाईलच्या कॉपीवरच चालतो त्यामुळे काही बिघडायची भीती नाही. आणि परीक्षेत यादी विचारण्याऐवजी चुका असलेली एक फाईल द्या, माऊस बाजूला ठेवा आणि ती दुरुस्त करायला सांगा. आपल्या विद्यापीठाच्या अभ्यास मंडळाने आणि क्लासवाल्यांनी येत्या सत्रापासून एवढं करावं ही विनंती.

– एक वाचक, होटगी रोड, सोलापूर